राणूभाऊचा हात

राणू सातकरचा हात वर गेला की माणसं मागं सरायची. हात पागोटं नीट करायला चाललाय की माशी हाकलायला, हे बघत कुणी थांबायचं नाही. लोणावळ्याच्या बाजारातल्या पानवाल्यापासून बंगल्यांच्या माळ्यांपर्यंत सगळ्यांना ही सवय लागली होती आणि ती उगाच लागलेली नव्हती. एक आधीच सांगून टाकते, त्याचं कौतुक करायला मी बसलेली नाही. आयुष्यात मला भली माणसं काही कमी भेटली नाहीत. त्यांची नावंसुद्धा आता पटकन सुचत नाहीत, आणि हा मेला मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. लोणावळ्याच्या एका सॅनेटोरियमचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात होतं. मुंबईची माणसं हवापालटाला यायची, खोकत यायची आणि जाताना माझ्या वरणभाताला नावं ठेवत का होईना, गुटगुटीत होऊन जायची. इमारत दुमजली, दगडी. वरच्या मजल्यावर साखळी ओढायचे संडास होते. तेव्हा त्याचं एवढं अप्रूप, की पाहुणे गरज नसताना साखळी ओढून बघायचे. त्या संडासांपासून भिंतीबाहेरून बिडाचा एक जाडजूड नळ खाली यायचा आणि मागच्या अंगाला जमिनीतल्या टाकीत जायचा. तो मैल्याचा नळ. तो, त्याचे सांधे, ती टाकी, माझ्या स्वयंपाकघरातलं चिनी मातीचं सिंक, हे सगळं राणूभाऊच्या हातचं काम.

तो मूळचा कान्हे गावचा. पोरवयात रेल्वेच्या कामावर गोऱ्या फोरमनच्या हाताखाली लागला आणि तिथं दोन गोष्टी शिकला, शिसं ओतायचं आणि हात उगारायचा. बुटका, मानेत जाड. कोपरापासून मनगटापर्यंत शिशाच्या थेंबांचे पांढरे डाग, देवीच्या वणांसारखे. खुर्ची दिली तरी बसायचा नाही, उकिडवा बसून बशीतला चहा ओढायचा. काम सुरू करण्याआधी नळाला कान लावायचा. तेवढा वेळ माझ्या स्वयंपाकघरात फोडणीसुद्धा तडतडलेली त्याला चालायची नाही. "गप ऱ्हा की जरा काकू," म्हणायचा, "त्यो बोलतोय." नळ काय बोलतो ते मात्र कुणाला सांगायचा नाही. विचारलं की वसकन अंगावर यायचा.

मला सांगितलं ते एकदाच, आणि तेही मी त्याच्यापुढे गरम थालीपीठ ठेवलं होतं म्हणून. सिंकच्या खाली नळाला बाक दिलेला असतो, बदकाच्या मानेसारखा. खरकटं पाणी वाहून जातं, पण थोडं त्या बाकात साचून राहतं.

"त्ये पानी म्हंजी दार," राणूभाऊ म्हणाला. "टाकीतली हवा त्या पान्याच्या पल्याड थांबती. पानी गेलं की दार उगडं. मंग ती हवा तुमच्या चुलीम्होरं यिऊन बसती."

"आणि मग?"

"मंग काय! भडाग्नी."

म्हणून मोसम सुरू व्हायच्या आधी तो बादली घेऊन बंद बंगल्यांतून फिरायचा. कुणी बोलावलेलं नसायचं. माळ्याला शिव्या देऊन दार उघडायला लावायचा, प्रत्येक मोरीत, प्रत्येक सिंकमध्ये बादलीभर पाणी ओतायचा आणि कान लावून बसायचा. याला तो 'नळाला पानी पाजनं' म्हणायचा. बाजारातली माणसं त्यावरून त्याची टिंगल करायची, अर्थात तो नजरेआड गेल्यावर.

आणखी एक नियम त्याचा दगडावरची रेघ होता. स्वयंपाकघराचं पाणी मैल्याच्या नळात सरळ सोडायचं नाही. आधी ते भिंतीबाहेर उघड्यावर, जाळीच्या कुंडीत पडलं पाहिजे. मध्ये मोकळी हवा पाहिजे. बर्फाच्या पेटीचंही तेच. आमच्याकडे मुंबईहून भुशात बांधून बर्फ यायचा. दूध-लोणी ठेवायला त्याची मोठी लाकडी पेटी होती आणि वितळलेलं पाणी बारीक शिशाच्या नळीनं बाहेर ठिबकायचं. "नळाला तोंडं दोन," राणूभाऊ म्हणायचा. "एकानं पितो, दुसऱ्यानं वकतो. वकायचं तोंड चुलीपाशी आनू नगा."

आता त्याच्या हाताबद्दल. शिशाची गोष्ट सांगते, म्हणजे कल्पना येईल. बिडाच्या नळाचा सांधा भरताना आधी काथ्या ठोकतात आणि वर उकळतं शिसं ओततात. सांधा आतून ओला असेल तर शिसं बंदुकीसारखं उडतं. आमच्या मागच्या अंगणात तो शिसं ओतत होता आणि त्याचा गडी, चांगला चाळिशीचा बाप्या, सांध्यावर वाकून बघत होता. राणूभाऊला काय दिसलं कोण जाणे. त्यानं गड्याच्या छातीत अशी लाथ घातली, की तो माझ्या भांडी घासायच्या दगडावर जाऊन आदळला. पुढच्याच क्षणी शिसं उसळलं आणि राणूभाऊच्या दंडावर पडलं. मांस जळाल्याचा वास मला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आला. तो ओरडला नाही. त्यानं जाऊन त्या गड्याला आणखी एक थोबाडीत दिली, सांधा ओला ठेवला म्हणून. गड्याची बरगडी मोडली होती. तो पुन्हा कामावर आला नाही आणि बाजारात सांगत फिरला, की राणूनं बिनकारणी मारलं. पहिली लाथ जीव वाचवायला होती, हे मी त्याला सांगितलं. "मंग दुसरी कशापायी?" त्यानं विचारलं.

राणूभाऊचं असं होतं. शब्द घशाशी यायच्या आत त्याचा हात पोचलेला असायचा. कधी त्यात शहाणपण असायचं, पुष्कळदा नुसती आग असायची. बायकोला तो मारायचा. हे मी ऐकीव सांगत नाही. भागूबाई माझ्याकडे धान्य निवडायला यायची, तिचा सुजलेला डोळा मी पाहिलाय. ती तापानं गेली तेव्हा तो तिच्या उशाशी बसून घळाघळा रडला. मला त्याची दया आली नाही, चीड आली.

मागं राहिली एक मुलगी, सखू. तिला मात्र त्यानं कधी बोट लावलं नाही, आणि याचा त्याला भारी गर्व. कुणी त्याच्या मारकुटेपणावर बोललं की छाती काढून म्हणायचा, "सखूच्या गालाला जाऊन इचारा. राणू सातकराचा हात कसा असतो त्ये तिला ठावं न्हाई." जसं काही एका गालानं बाकीच्या सगळ्यांचा हिशेब चुकता होत होता!

सखूला नवलाख उंबरे गावात दिली होती. नवरा पिऊन मारायचा. ते राणूभाऊच्या कानावर गेलं तेव्हा तो कामावरून तसाच उठला, हातात नळ पिळायचा लोखंडी पाना. भर चावडीपुढं त्यानं जावयाचं मनगट त्या पान्यानं मोडलं. मोडलं म्हणजे हाड कातडीबाहेर आलं. जावयाचा बाप मध्ये पडला, त्याचे दात गेले. मग लेकीला हाताला धरून कान्ह्याला आणली. गावाला वाटलं, बाप असावा तर असा. सासरचं दार कायमचं बंद झालं.

सखू त्याच्याशी बोलेना. त्याच आठवड्यात ती माझ्याकडे भांडी घासायच्या कामाला आली आणि सॅनेटोरियमच्या मागच्या खोलीत राहू लागली. उंच, काळीसावळी, कमी बोलणारी. मी एकदा म्हटलं, "अगं, बाप तुझ्यासाठीच गेला ना?"

"मला इचारलं का कुनी?" ती म्हणाली. "तितला नवरा मारायचा, ह्यानं त्येला मारलं. माज्या आयीला मारायचा त्येला कुनी मारलं? मला मारनाऱ्याचं घरच नगं, काकू. ना त्येचं, ना ह्येचं."

राणूभाऊ मात्र दर दोन-चार दिवसांनी काहीतरी निमित्त काढून मागच्या दाराशी यायचा. नळ ठोकायचा, कुंडीची जाळी काढून पुन्हा बसवायचा. सखू भांडी घासत असायची, ती मान वर करायची नाही. तो सिंकशी बोलायचा. "पानी नीट जातंय न्हवं?" तो विचारायचा. उत्तर मी द्यायची. सिंक तेवढं चांगलं असलं की लेक सुखात आहे, असं काहीतरी त्याच्या टाळक्यात बसलं होतं. तिच्यापर्यंत पोचायला त्याला तेवढा एक नळच उरला होता.

आणि त्या नळावरच सगळं आलं.

सॅनेटोरियमला नवे मॅनेजर आले. माणूस स्वच्छ, टापटिपीचा, सुधारक मताचा. पाहुण्यांच्या व्हरांड्याजवळ खरकट्या पाण्याची ती कुंडी त्यांच्या डोळ्यांत खुपायची. त्यांनी ठरवलं, की सिंक आणि बर्फाची पेटी दोन्हीचं पाणी सरळ मैल्याच्या नळात सोडायचं, म्हणजे वर काही दिसायला नको. हे कळलं मात्र, सोवळ्यातल्या म्हाताऱ्या पाहुण्यांनी गहजब केला. स्वयंपाकघर आणि संडास एका नळानं जोडायचे म्हणजे धर्म बुडाला! मॅनेजरसाहेब हसत होते, आणि नेमका त्याच वेळी राणूभाऊ आत शिरला.

"जोडायचं न्हाई," तो म्हणाला.

"का? तुझाही धर्म बुडतो का?"

झालं. मॅनेजरसाहेबांनी त्याला म्हाताऱ्यांच्या पंगतीला बसवून टाकलं. राणूभाऊला समजावता आलं असतं. बाकातलं पाणी, वरची साखळी ओढली की ते पाणी ओढून नेणारा नळ, टाकीतली हवा. मला थालीपिठासमोर सांगितलं तसं दोन वाक्यांत सांगायचं. पण थालीपीठ नव्हतं आणि माणसं हसत होती. त्याचा हात वर गेला. मॅनेजरसाहेबांचा चष्मा फुटला, काच भुवईत घुसली, पांढरा सदरा छातीपर्यंत लाल झाला. रखवालदारांनी राणूभाऊला धरलं तेव्हाही तो लाथा झाडत एवढंच ओरडत होता, "जोडायचं न्हाई! माजी पोर हाय तितं!"

मॅनेजरसाहेबांनी फिर्याद दिली आणि राणूभाऊला आवारात पाऊल टाकायची बंदी झाली. मुंबईचा मेस्त्री आला आणि त्यानं उन्हाळ्यातच सगळं जोडून दिलं. वर त्यानं आणखी एक शहाणपणा केला. मैल्याच्या नळाचं टोक छपराच्या वर गेलेलं होतं, हवा बाहेर पडायला. ते गच्चीवरून दिसायला वाईट दिसतं म्हणून कापून बूच मारलं. काम देखणं झालं, यात शंका नाही. दोन दिवसांत पेटीतल्या लोण्याला वास यायला लागला. मी तक्रार केली, फिनेलची बाटली आली. राणूभाऊ रस्त्यापलीकडे आंब्याखाली उभा राहून छपराकडे बघायचा. "नळाचं नाक कापलं भडव्यांनी," मला एकदा बाजारात गाठून म्हणाला. "काकू, सखूला काडा तितनं. माजं ती आयकायची न्हाई."

मी सखूला सांगितलं. ती म्हणाली, "त्येंच्या हाताखाली ऱ्हान्यापरीस वास बरा."

आषाढ लागला की आमचं सॅनेटोरियम बंद व्हायचं. लोणावळ्याच्या पावसात तिथं राहायला बेडकाचाच जन्म हवा. दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा उघडायचं. त्या वर्षीही उघडलं. आदल्या संध्याकाळी झाडूवाल्यांनी वरच्या संडासांच्या साखळ्या एकामागून एक ओढून पाहिल्या, सगळ्या चालल्या. स्वयंपाकघर तसंच बंद होतं. सकाळी मी आणि सखू मागच्या दाराशी गेलो. लाकूड फुगून खिडक्या चौकटीत घट्ट बसल्या होत्या. पावसाळ्यात तिथं हे नेहमीचंच, चार दिवस ऊन खाल्ल्याशिवाय त्या हलत नाहीत. दार उघडलं तर आत अंधार आणि कुबट वास. तीन महिने बंद असलेल्या जागेला वास यायचाच, मला काही वेगळं वाटलं नाही. सखू उंबऱ्यावर थांबली, चिमणी पेटवायला तिनं कमरेची काड्यापेटी काढली आणि काडी पेटीवर टेकवली.

मागून धावत आलेली पावलं मी ऐकली. वळून बघेपर्यंत राणूभाऊ माझ्या अंगावरून पुढं गेला होता. त्यानं सखूच्या गालफडात मारली. साधी चापट नव्हती ती. सगळ्या अंगाचं बळ त्या हातात होतं. पोर उंबऱ्यावरून उडून अंगणातल्या दगडावर पडली, तोंडातून रक्त आलं, काड्यापेटी चिखलात गेली. त्यानं दार ओढून घेतलं आणि तो दाराला पाठ लावून उभा राहिला. धाप लागलेली. आपल्या तळहाताकडे असा बघत होता, की जणू दुसऱ्याच कुणाचा हात त्याला चिकटलाय.

सखू उठून बसली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "ऱ्हायलं हुतं तेवडं झालं," ती म्हणाली.

आरडाओरडा ऐकून मॅनेजरसाहेब आले, रखवालदार आले. राणूभाऊ पहिल्यांदाच शब्द शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हते. "आत मरान हाय," तो म्हणाला. "काल साकळ्या वडल्या. झाडूवाला आत्ता च्या पिताना बोलला. बाक कोरडा पडला. आत मरान हाय."

"मरण तुझ्या हातात आहे, दुसरीकडे कुठं नाही," मॅनेजरसाहेब म्हणाले. भुवईवरचा व्रण लाल झाला होता. "धरा याला. आणि सखू, ऊठ, आत जा, चूल पेटव. पाहुणे दुपारच्या गाडीनं येताहेत."

सखू उठली. माझ्या डोळ्यांदेखत तिनं चिखलातली काड्यापेटी उचलली, लुगड्याला पुसली. बापाकडे बघत, मुद्दाम, ती दाराकडे निघाली. मी तिचा हात धरला. कशाला धरला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, कदाचित त्या मेल्याचा चेहरा बघून धरला असेल.

राणूभाऊनं रखवालदाराला डोक्याची धडक देऊन पाडलं. परसात कंदिलाची रॉकेलची बाटली होती. त्यानं डोक्याचं पागोटं ओढून तिथं पडलेल्या वेळूच्या टोकाला गुंडाळलं, बाटली त्यावर रिकामी केली, रखवालदाराच्या विडीवर ते पेटवलं. "मागं व्हा!" तो ओरडला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फोडून पेटता वेळू आत खुपसला.

आवाज कसा झाला हे मला सांगता येत नाही, कारण मला तो नीट आठवत नाही. आठवतं ते असं, की छपरावरची कौलं पाखरांसारखी वर उठली. दार बिजागऱ्यांसकट अंगणात आलं. खिडक्या फुगून बसल्या होत्या, त्या चौकटींसकट बाहेर पडल्या. बर्फाची पेटी उलटून भिंतीला लागली आणि माझं चिनी मातीचं सिंक ठिकऱ्या होऊन माझ्याच पायाशी आलं. मी आणि सखू एकमेकींवर पडलो होतो. मॅनेजरसाहेब बसून कानावर हात दाबत होते. आतली फळी पेटली होती आणि खिडकीखाली राणूभाऊ उताणा पडला होता. भुवया नाहीत, मिशी नाही, दोन्ही हात मनगटापर्यंत सोललेले. सखूनं त्याच्याकडे पाहिलं. मग ती रांगत त्याच्यापाशी गेली.

"लय लागलं का गं?" त्यानं विचारलं. तिला.

विहिरीवरून पाणी आणून ती त्याच्या हातांवर ओतत राहिली.

आता तुम्हाला वाटेल, राणूभाऊ खरा ठरला, सगळ्यांनी कान पकडले. तसं काही झालं नाही. त्याच्यावर आग लावल्याचा खटला भरला. लावलीच होती की! चारचौघांदेखत, रॉकेल ओतून. मॅनेजरसाहेब खोटं बोलणारे नव्हते, त्यांनी पाहिलं तेच सांगितलं. मारकुटा माणूस, आधीचा दावा, आवारात यायची बंदी, आणि हातात पेटता वेळू. बचाव करायला त्याच्याकडे होतं काय? हवा कुणाला दाखवता येत नाही. ती तर त्यानंच जाळून टाकली होती. बरीच वर्षं शिक्षा होणार असं बाजारात बोलत होते, आणि बरेच जण ते आनंदानं बोलत होते. मी साक्ष दिली, पण मी पडले स्वयंपाकघरातली बाई. मला नळातलं काय कळतं, असं विचारल्यावर माझी गाडी अडली.

मग सखूला उभं केलं. वडगावला कचेरीत ती हिरवं लुगडं नेसून आली होती. गालावरची सूज उतरली होती, एक दात गेला होता. राणूभाऊ हातांना फडकी बांधून समोर बसला होता आणि जमिनीकडे बघत होता. पोर आपल्या बाजूनं बोलेल अशी त्याची मुळीच अपेक्षा नव्हती, हे त्याच्या मानेवरून कळत होतं.

"यानं तुला मारलं?" मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं.

"व्हय."

"आग यानंच लावली?"

"व्हय. म्या बगितलं."

"आणखी काही सांगायचंय?"

सखूनं पदर नीट केला. मग म्हणाली, "सायेब, काडी माज्या हातात हुती. म्या वडनार हुते. त्यानं मारलं म्हनून मी हितं हुबी हाय. न्हाईतर तुमी आज मलाच इचारत बसला असता, तू मेलीस कशी म्हनून."

साहेबांनी मुंबईहून नळकामाचा जाणता माणूस बोलावला. त्यानं येऊन तो जोड बघितला, कापलेलं टोक बघितलं आणि कपाळाला हात लावला. राणूभाऊ आगीच्या आरोपातून सुटला. मॅनेजरसाहेबांचा चष्मा फोडल्याची शिक्षा मात्र त्यानं येरवड्याला भोगली, आणि मला विचाराल तर ती त्याला व्हायलाच हवी होती. हातांच्या जखमा भरल्या, पण बोटं एकमेकांना चिकटली. शिशाचं काम संपलं. सॅनेटोरियमची कुंडी पुन्हा उघड्यावर आली, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत.

सखू कान्ह्याला त्याच्याकडे राहायला गेली. मोसमाच्या आधी दोघं बंद बंगल्यांतून फिरताना दिसायची. बादली ती ओतायची, कान तो लावायचा. बाजारातल्यांना वाटलं, झालं गेलं मिटलं. मी तिला तसं म्हटलं तर चांगलीच फणकारली. "मिटलं कुटं? माज्या आयीचं त्येनं फिटत न्हाई, काकू. त्ये येगळं, ह्ये येगळं." ती त्याला जेवायला घालायची, पाय चेपायची आणि मनात आलं की भागूबाईचं नाव काढून तोंडावर सुनवायची. तो ऐकून घ्यायचा. त्याला तेवढंच जमत होतं, आणि त्याच्यासारख्या माणसाला तेही थोडं नव्हतं.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते कान्ह्याच्या घरात. स्टेशनवरून चालत गेले. तो आजारी आहे, आता उठत नाही, असा निरोप होता. वाकळेवर पडला होता. मान बारीक झाली होती. मला ओळखलं की नाही कळलं नाही. बोलणं जवळजवळ थांबलंच होतं. सखू चहा करायला चुलीपाशी बसली. लाकडं रचली, काड्यापेटी घेतली, काडी पेटीवर टेकवली आणि थांबली. मान वळवून बापाकडे बघत राहिली. मला आधी वाटलं, काहीतरी विसरली असेल. मग कळलं, हे रोजचं होतं. तो येरवड्याहून सुटून आल्यापासून या घरात त्यानं बघितल्याशिवाय काडी ओढली जात नव्हती.

वाकळेवरून राणूभाऊनं नाक वर करून हुंगलं. कान चुलीकडे वळवला. आणि त्याचा हात वर गेला, तो चिकटलेल्या बोटांचा हात.

मी सवयीनं एक पाऊल मागं सरले. सखू जागची हलली नाही.

"वड," तो म्हणाला, आणि तिनं काडी ओढली.